वस्तऱ्याखालचा होकार

सान पास्तोरमध्ये माणूस वकील झाला की आधी त्याचं नाव जातं. आईबापांनी कौतुकाने ठेवलेलं आणि पाद्र्याने डोक्यावर पाणी ओतून पक्कं केलेलं 'पान्फिलो कातालबास' हे भारदस्त नाव सनद मिळाल्याच्या दिवशी वारलं आणि मागे 'अ‍ॅटर्नी' एवढंच उरलं. पाववाला त्याला अ‍ॅटर्नी म्हणे, सासू अ‍ॅटर्नी म्हणे, शेजाऱ्यांचा पोपटसुद्धा पहाटे अ‍ॅटर्नी म्हणूनच कोकले. पूर्ण नावाने हाक मारणारी एकटी बायको, लुमिंग. आणि तीही फक्त चिडली की.

नावाच्या बदल्यात मान मिळतो, असा समज आहे. मिळतो, नाही असं नाही. पण तो सगळा लग्नांत मिळतो. गावात कोणाचंही लग्न निघालं की दोन्हीकडचे आईबाप आधी निनोंग गोळा करायला निघतात. निनोंग म्हणजे लग्नाचा साक्षीदार, नवराबायकोचा मानलेला बाप आणि त्यांच्या आईबापांचा जन्माचा कुम्पारे; बाई असली तर कुमारे. कुम्पारे हा सख्ख्या भावापेक्षा जवळचा. कारण भावावर दावा लावता येतो, कुम्पारेवर लावता येत नाही.

निनोंग व्हायला नाही म्हणायचं नसतं. जोडप्याला अपशकुन होतो. गावातले दंतवैद्य एकदा नाही म्हणाले, आणि त्या जोडप्याची तिचाकी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मासळीच्या तळ्यात गेली. चालवणारा प्यायलेला होता, हा मुद्दा कोणी विचारात घेतला नाही. दंतवैद्यांकडे लोक अजून दात काढायला जातात, पण एक शब्द न बोलता उठतात. तसे सगळ्याच दंतवैद्यांकडून लोक न बोलता उठतात म्हणा, पण यांना ते लागतं.

त्यामुळे पान्फिलोने एक पद्धत घालून घेतली होती. कोणी विचारलं की हो म्हणायचं, पुढचं विचारायचं नाही. त्याची सेक्रेटरी मिस तेओपिस्ता फक्त एकाच वेळी दोन लग्नं येत नाहीत ना, एवढं बघत असे. या कामासाठी त्याच्याकडे तीन बारोंग सदरे होते: एक बारीक असतानाचा, एक जाड झाल्यानंतरचा आणि एक सत्य स्वीकारल्यानंतरचा.

तर, आंबो न्हाव्याने विचारलं तेही याच पद्धतीत बसून गेलं. गावातल्या यच्चयावत प्रतिष्ठित माणसांची तोंडं आंबोच्या हाताखालून जात. दाढीचा फेस लावून, पान्फिलोची हनुवटी छताकडे करून तो म्हणाला, "अ‍ॅटर्नी, आमच्या रोडेलचं लग्न काढलंय डिसेंबरात."

"छान."

"मान हलवू नका." वस्तरा सरकत सरकत घाटीवर आला आणि थांबला. "तुम्ही निनोंग व्हायचं."

गळ्यावर शस्त्र ठेवून घेतलेली संमती कायद्याने रद्द ठरते, हे पान्फिलोला कॉलेजापासून पाठ होतं. पण कायदा कोर्टात होता आणि घाटी इथे होती.

"आनंदाने," तो ओठ न हलवता म्हणाला.

मुलगी कोणाची, हे त्याने विचारलं नाही. साक्षीदारांना 'बरं, मग पुढे?' एवढं विचारून घाम फोडणाऱ्या माणसाला हा एक साधा प्रश्न सुचू नये, यावरून वकिली ही बुद्धीची नसून सवयीची गोष्ट आहे असं अनुमान काढायला हरकत नाही.

आता बर्फाच्या खटल्याबद्दल सांगायला हवं, कारण पान्फिलोच्या आयुष्यात सांगण्यासारखं दुसरं काही घडलेलं नव्हतं.

तो व्यापारी दावे लढणारा वकील. खून, भाऊबंदकी, मारामाऱ्या असल्या हळव्या विषयांना तो हात लावत नसे. त्याचं म्हणणं असं, की माणूस रागाच्या भरात खून करतो आणि नंतर पस्तावतो. पण पाठवलेला माल खराब निघाला, तर तो माणूसही विसरत नाही आणि त्याची नातवंडंही विसरत नाहीत. अशा पायावर धंदा उभा राहतो.

अठरा वर्षांपूर्वी कॉन्सोर्शिया गुम्बान या मासळीच्या व्यापारीणबाईने सेरापियो पानिसालेसच्या कारखान्यातलं बर्फ घेतलं, त्यात आपली बांगुस मासळी रचली आणि पेट्या जहाजाने मनिलाला पाठवल्या. जहाज धक्क्याला लागायच्या आधीच मासळी आल्याचं बंदरावर सगळ्यांना कळलं. बाई म्हणाली, बर्फ पोकळ होतं. सेरापियो म्हणाला, "माझ्या फाटकातून निघालं तेव्हा बर्फ होतं. पुढे त्याने काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक." बाईने दावा लावला. सेरापियोने पान्फिलोला गाठलं, आणि पान्फिलोने त्या एका वाक्यावर आपलं सगळं आयुष्य उभं केलं.

खटल्यात पुरावा असा काही नव्हता. बर्फाचं पाणी झालं होतं, मासळीचं त्याहून वाईट झालं होतं आणि जहाज पुढे एका वादळात बुडालं. मुद्देमाल आपापल्या वाटेने गेला, मागे फक्त वकील राहिले. मासळीवाल्या बाईच्या बाजूने फेलिसितो डिम्झॉन उभा राहिला, हा पान्फिलोचा कॉलेजातला जोडीदार. दोघांनी मिळून खटला असा काही वाढवला, की तसं दोघांनाही स्वतःची मुलं वाढवता आली नाहीत. बर्फ म्हणजे नेमकं काय, या एका प्रश्नावर पान्फिलोने हायस्कुलातल्या विज्ञानाच्या मास्तरांची इतकी उलटतपासणी घेतली, की मास्तरांनी पुढे तो धडा शिकवणंच सोडून दिलं. पहिले न्यायाधीश निवृत्त झाले. दुसरे निवडणुकीला उभे राहिले. तिसऱ्यांना ऐन युक्तिवादात आठवलं, की आपण सेरापियोच्या भावाचे कुम्पारे आहोत. ते खुर्चीवरून उठले ते परत आले नाहीत. पान्फिलोकडे दुसरा एक दावा होता, सिरक्याच्या बाटल्यांचा. पण तो अजून लहान होता, सातव्या वर्षात.

चौथ्या न्यायाधीश एपिफानियाबाई आल्या आणि त्यांनी एके दिवशी चष्मा काढून जाहीर केलं, की नाताळच्या आधीच्या सोमवारी बर्फाच्या खटल्याचा निकाल वाचण्यात येईल.

जिंकायचं की हरायचं, याचं पान्फिलोला आता फारसं राहिलं नव्हतं. त्याला फक्त निकालातले तीन शब्द ऐकायचे होते. न्यायाधीश निकाल वाचताना 'प्रतिवादीच्या विद्वान वकिलांनी' असं म्हणतात ना, तेवढेच. अठरा वर्षं अ‍ॅटर्नी ऐकून झालं होतं. विद्वान असं कोणी अजून म्हटलेलं नव्हतं. लुमिंगने तर नाहीच.

आता ते ऐकायला मिळणार, या आनंदात तो सेरापियोबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात आला, तर समोरून कॉन्सोर्शिया गुम्बान पंख्याने वारा घेत आली. या बाईने अठरा वर्षांत त्याच्याशी थेट शब्द काढलेला नव्हता. काढला तर 'तो मेला' असं तिसऱ्याला सांगून. ती आज थांबली आणि तोंडभर हसली.

"काय कुम्पारे, कुमारे लुमिंग कशी आहे?"

पान्फिलोने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुम्हालाच म्हणते. आंबोच्या रोडेलला माझी माएट दिलीय की, निकालाच्या आदल्या शनिवारी लग्न. तुम्ही निनोंग, आंबो सांगत होता. कुमारेला म्हणावं झगा जांभळा शिवून घे, आम्ही यंदा जांभळा धरलाय." एवढं बोलून ती पंखा हलवत निघून गेली.

सेरापियोची मिशी गावात प्रसिद्ध होती. आंबो दर शनिवारी ती सारखी करून देत असे. ती आता एका बाजूने वर गेली.

"अ‍ॅटर्नी, सोमवारी निकाल. शनिवारी तू त्या बाईच्या पोरीचा बाप म्हणून चर्चमध्ये उभा राहणार?"

"मला माहीत नव्हतं, सेरापियो. मी मुलीचं नाव विचारलं नव्हतं."

"माझ्या बर्फाला नाव विचारत बसलास, बाप काय, जात काय. आणि इथे विचारलं नाहीस?"

"वस्तरा होता."

"ते मला सांगू नकोस. लग्नाला गेलास तर सोमवारी तुझ्या जागी दुसरा वकील उभा राहील. इलोइलोहून आणीन. टाय घालणारा."

"नुसता निकाल ऐकायला?"

"नुसता ऐकायला," सेरापियो म्हणाला आणि गाडीत बसला.

अठरा वर्षं युक्तिवाद लिहिणारा एक आणि 'विद्वान' ऐकणारा दुसराच. पान्फिलोला जेवण गेलं नाही. घरी आला तर लुमिंग जांभळं कापड अंगाला लावून आरशापुढे उभी.

"आपण नाही म्हणायचं ठरवलंय," तो म्हणाला.

"आपण म्हणजे कोण कोण?"

"लुमिंग, हा खटल्याचा प्रश्न आहे."

"आणि मला उद्यापासून दंतवैद्याच्या बायकोसारखी बाजारात एका कडेला उभी करणार. पान्फिलो कातालबास, कापड कापून झालंय." पूर्ण नाव आल्यावर त्याने ओळखलं, की प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. "कापड कापल्यावर माघार नसते. तुझ्या कायद्यात नसेल हे, शिंप्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी तो चर्चच्या कचेरीत गेला. तिथे काचेच्या खिडकीमागे मानांग पुरा नावाची बाई गेली कित्येक वर्षं बसलेली होती. गावातले लोक जन्म, लग्न आणि मरण या तीनच वेळी तिच्यासमोर येतात. म्हणून ती कोणाचंही तोंड पाहिलं की तिघांपैकी काय, असा विचार करते.

"निनोंगांच्या यादीतून माझं नाव काढायचं आहे," पान्फिलो म्हणाला.

मानांग पुराने लेखणी खाली ठेवली. "घालायला काही लागत नाही, अ‍ॅटर्नी. काढायला लागतं."

"काय लागतं?"

"कारणाचं प्रतिज्ञापत्र, नोटरीच्या शिक्क्यानिशी. तीन प्रती. दोन फोटो."

"फोटो कशाला?"

"नाही म्हणणारा दिसतो कसा, ते फादरना बघायचं असतं. कारण कुठलं लिहू? मृत्यू, धर्मांतर की परदेशगमन?"

"व्यावसायिक अडचण."

"तो रकाना नाही." तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मृत्यू सोपा पडतो. त्यात स्वतः यावं लागत नाही, नातेवाईक चालतात."

पान्फिलोने प्रतिज्ञापत्र स्वतःच लिहिलं, उत्तम लिहिलं. पण शिक्का कोण मारणार? तो स्वतः नोटरी होता. गावातल्या अर्ध्या खोट्या गोष्टी त्याच्याच शिक्क्याने खऱ्या झाल्या होत्या. परंतु स्वतःच्या शपथेवर स्वतःचा शिक्का मारता येत नाही. हा नियम ज्याने केला त्याला माणसाचा स्वभाव माहीत असला पाहिजे. गावातला दुसरा नोटरी मनिलात मुलीकडे गेलेला. राहिला तिसरा. तिसरा म्हणजे डिम्झॉन, मासळीवाल्या बाईचा वकील.

डिम्झॉनने कागद हातात घेतला, चष्मा चढवला आणि चव घेत घेत मोठ्याने वाचला. "'सदर विवाहात उभे राहिल्यास मला न भरून येणारी हानी पोचेल.' वा. हे वाक्य तू मासळीच्या दाव्याच्या उत्तरातही घातलं होतंस, फिलो. मला तेव्हापासून आवडतं."

"शिक्का मार आणि गप्प बस."

"मारतो की. माझं कामच ते." डिम्झॉनने शिक्का शाईवर टेकवला आणि तिथेच धरला. "फक्त मित्र म्हणून सांगतो. उद्या निकाल आमच्या विरुद्ध गेला तर आम्ही अपिलात जाणार. तेव्हा हाच कागद मी पहिल्या पानाला लावीन. प्रतिवादीचे वकील आणि वादीचं घराणं यांचा नातेसंबंध जुळत होता, हे त्यांनी स्वतः शपथेवर कबूल केलं आहे, म्हणून."

पान्फिलोने त्याच्या हातातून कागद ओढून घेतला.

"मनाला लावून घेऊ नकोस रे," डिम्झॉन म्हणाला. "अशिलाचं हित बघावं लागतं. चल, बाचोय खाऊ. आज कलेजी चांगली आहे."

बाचोयच्या, म्हणजे कलेजी घातलेल्या शेवयांच्या रश्श्याच्या, टपरीवर हे सगळं आधीच पोचलेलं होतं. सान पास्तोरमध्ये गुप्त गोष्ट वकिलाकडे जाते, तिथून त्याच्या सेक्रेटरीकडे, आणि मग वाफाळत्या वाडग्यांवरून सगळीकडे. पान्फिलो बाकावर टेकला न टेकला तोच सल्ले सुरू झाले. ज्यांच्याकडून तो सल्ल्याचे पैसे घेत असे, ते आज त्याला फुकट देत होते.

"प्रॉटेस्टंट व्हा," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "लग्नापुरते. नाताळला परत या."

"त्यापेक्षा बदली माणूस पाठवा," टपरीवाली म्हणाली. "आमच्या ह्यांना मोकळा वेळ असतो."

बदली माणसाने केलेली कृती ही मूळ माणसानेच केली असं धरलं जातं, हे पान्फिलोने पूर्वी एका तांदूळवाल्याविरुद्ध सिद्ध करून दाखवलेलं होतं. आपल्याच विजयाने असं कधी माणसाला गाठावं, याचं त्याला वाईट वाटलं.

शेवटी गोर्गोनियो बोलला. हा वॉर्डाचा कप्तान. सगळे त्याला काप म्हणत. काप म्हणाला, "अ‍ॅटर्नी, आजारी पडा. त्याला रकाना लागत नाही."

एवढ्या सरळ उपायाला वकिली डोक्याची गरजच नव्हती, आणि म्हणूनच तो पान्फिलोला सुचला नव्हता.

मधले आठवडे सेरापियोकडून काही कळलं नाही. फोन केला तर कारखान्यात आहेत, कारखान्यात गेला तर घरी गेले. पान्फिलोने त्याचा अर्थ लावला, की इलोइलोच्या टायवाल्याशी बोलणी चालली असावीत.

लग्नाच्या शनिवारी सकाळी तो उठलाच नाही. पायजम्यावर, कपाळावर ओला रुमाल घेऊन पडून राहिला आणि अधूनमधून कण्हला. कण्हणं त्याला जमलं नाही. कोर्टात वरच्या पट्टीत बोलायची सवय, त्यामुळे ते हरकत घेतल्यासारखं वाटे. तरी शेजारी जमले. कोणी आल्याचा काढा आणला, कोणी पेरूच्या पाल्याचा. पोस्टमास्तरांनी एक म्हातारी वैदू आणली. तिने पाण्यात मेणबत्तीचं मेण सोडलं, ते गोठताना निरखून पाहिलं आणि म्हणाली, "याच्या पोटात बर्फ आहे." खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं अचूक निदान इलोइलोच्या डॉक्टरांनाही झालं नसतं.

लुमिंग जांभळा झगा घालून पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती खाली गेली आणि तिने वॉर्डाच्या कापला फोन केला.

वॉर्डाला नुकतीच नवी अ‍ॅम्ब्युलन्स मिळालेली होती. फीत कापून झाल्यापासून तिच्यातून भाजलेली डुकरं आणि भाड्याच्या खुर्च्या जात, खरा रोगी असा तिला अजून लाभलेला नव्हता. आपणच आजारपण सुचवलं होतं हे काप विसरला होता, की त्याला भोंगा वाजवायचा मोह आवरला नाही, हे पुढेही उघड झालं नाही. गाडी भोंगा वाजवत दारात आली. पुढच्या सीटवर कापशेजारी आंबो बसलेला, नव्या सदऱ्यात.

"घाबरू नका अ‍ॅटर्नी," आंबो म्हणाला. "तुम्हाला एकटं सोडणार नाही आम्ही."

त्यांनी त्याला स्ट्रेचरवर घातलं. लुमिंगने पायजम्यावरून सत्य स्वीकारल्यानंतरचा बारोंग चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

"हॉस्पिटल तिकडे आहे," पान्फिलो काचेतून बघत म्हणाला.

"रस्ता चर्चवरूनच जातो," काप म्हणाला. खरं म्हणजे जात नव्हता. पण पडलेल्या माणसाने नकाशावर वाद घालणं बरं दिसलं नसतं.

अशा रीतीने अ‍ॅटर्नी पान्फिलो कातालबास आपल्या जन्मातल्या सर्वांत मोठ्या खटल्याच्या निकालाच्या दोन दिवस आधी, भोंग्याच्या गजरात, आडवा, चर्चमध्ये प्रवेशला. वधू यायच्याही आधी सगळी मंडळी त्याच्यासाठी उभी राहिली. त्याला मधल्या वाटेने नेऊन निनोंगांच्या रांगेत ठेवण्यात आलं. खालून त्याला आधी एक चकचकीत बूट दिसला, मग बारोंगची झालर, आणि वर, खूप वर, एक ओळखीची मिशी.

"तुम्ही?" पान्फिलो म्हणाला.

"हळू बोल." सेरापियो वेदीकडे बघत राहिला. "मिशी करायला गेलो होतो."

"मग?"

"कडा साफ करत होता. वस्तरा नाकाखाली होता."

"मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? मी तुला टायवाल्याचा दम दिला होता." बारोंगची झालर सारखी करत तो म्हणाला, "तुझं बरं आहे. तुला निदान आजारी पडायचं सुचलं."

त्याच्या पलीकडे डिम्झॉन उभा होता, तो वधूकडून. आणि समोर, साक्षीदार बायकांच्या रांगेत, जांभळ्या झग्यात, हातात जपमाळ घेऊन न्यायाधीश एपिफानियाबाई उभ्या होत्या. पान्फिलो स्ट्रेचरवर उठून बसला. ही प्रकृतीतली सुधारणा फादरनी देवाच्या खात्यावर टाकली आणि विधी पुढे चालू केला.

जेवण मंगल कार्यालयात होतं. मधोमध अख्खं भाजलेलं डुक्कर, बाजूला कॉन्सोर्शियाच्या घरची भरलेली बांगुस, आणि थंड पेयांसाठी बर्फ अर्थातच सेरापियोच्या कारखान्याचं. फक्त ते अजून आलेलं नव्हतं. बर्फाची गाडी केव्हाची येऊन फाटकाबाहेर उन्हात उभी होती. फाटकात कापने अ‍ॅम्ब्युलन्स लावून ठेवली होती आणि किल्ली खिशात घालून तो भाताच्या रांगेत लागला होता. शेवटी चार माणसांनी टब आत आणला आणि मधोमध ठेवला. टबात पाणी होतं. त्यात मुठीएवढा एक खडा तरंगत होता, तोही सगळ्यांच्या देखत दिसेनासा झाला.

कॉन्सोर्शिया हळूहळू टबापाशी गेली. सेरापियो उठून उभा राहिला. पान्फिलो आणि डिम्झॉन यांनी, ठरवून नव्हे, सवयीने, खुर्च्या एकाच वेळी मागे सरकवल्या. अठरा वर्षांनी मुद्देमाल कोर्टासमोर आला होता, आणि न्यायाधीश तिथेच बसून फ्लॅनचं कस्टर्ड खात होत्या.

"निघालं तेव्हा बर्फ होतं," सेरापियो म्हणाला.

कॉन्सोर्शियाने पाण्यात बोट बुडवून पाहिलं, झग्याला पुसलं आणि म्हणाली, "असायचंच, कुम्पारे. उन्हापुढे कोणाचं काय चालतं?"

"तसं म्हणायचं तर, कुमारे, तुझी मासळी एरवी ताजीच असते."

"ते आपलं सोमवारचं..."

"कसलं सोमवारचं? कुमारेवर कोणी खटला चालवतं का? शिक्का मारून काढून टाकू. हा कान खा, कुरकुरीत झालाय."

खटला मिटला. डुकराचा कान चावून होईतो मिटला. डिम्झॉन खुर्चीत परत बसला आणि आपल्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. त्याचा मुलगा अजून कॉलेजात होता.

पान्फिलो उठला. बारोंगखाली पायजमा, पायात कोणाच्या तरी सपाता, अशा वेषात तो एपिफानियाबाईंच्या टेबलापाशी गेला. "बाईसाहेब, एक विनंती. निकाल आता वाचायचा नाही, हे मान्य. पण तुम्ही लिहिलेला आहे. मला फक्त एकदा पाहू द्या. घरी नेणार नाही."

"कुमारे म्हणा आता," बाई म्हणाल्या. "आणि निकाल कुठला? मी लिहिलाच नाही."

"पण तुम्ही तारीख दिली होती."

"लग्नानंतरची दिली. बघा जरा आठवून. माझा झगा तारखेच्या आधी शिवून झाला होता. आमचे हे आंबोकडेच दाढी करतात." त्यांनी फ्लॅनचा तुकडा तोडला. "तीन न्यायाधीशांना जमलं नाही, ते एका डुकराला जमेल असं मला वाटलं."

"आणि माझे युक्तिवाद?"

"वाचले ना. बर्फ म्हणजे काय, ते तर दोनदा. मी सुरुवातसुद्धा केली होती निकालाला. 'प्रतिवादीच्या विद्वान वकिलांनी' इथपर्यंत लिहिलं." बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. "मग, खरं सांगू का कुम्पारे, त्यांनी नेमकं काय केलं, तेच आठवेना. म्हणून मग कॅलेंडर पाहिलं."

एवढ्यात लुमिंगने पान्फिलोला ओढून नाचायला नेलं.

नाताळ गेल्यावर तो दाढीला गेला. आंबोने फेस लावला, हनुवटी वर केली. डाव्या गालावरून वस्तरा फिरला, घाटीवर आला आणि थांबला.

"कुम्पारे," आंबो म्हणाला, "आमच्या धाकटीचं मार्चमध्ये काढलंय."

पान्फिलोने एक हात वर केला. अठरा वर्षांत त्याने कुठल्याही साक्षीदाराला इतक्या शांतपणे थांबवलं नव्हतं. "वस्तरा खाली ठेव."

आंबोने ठेवला.

"दोन पावलं मागे हो. आता सांग, मुलगा कोणाचा?"

"बाटल्यांच्या कारखानदाराचा. तुम्ही ओळखता की. ते सिरकेवाले आणि बाटलीवाले यांचं काहीतरी तुमच्याकडे चाललंय ना?"

चाललं होतं. दावा सातव्या वर्षात होता, गुणी होता. आता पान्फिलोकडे तेवढाच उरला होता. पान्फिलोने आरशात पाहिलं. डावा गाल गुळगुळीत होता. उजव्यावर फेस होता, आणि फेसाखाली तीन दिवसांची दाढी. दार उघडं होतं, पलीकडे बाजार भरला होता, आणि दंतवैद्य रस्त्याच्या कडेने एकटेच चालले होते.

"आनंदाने," तो म्हणाला. या वेळी गळ्यावर काही नव्हतं, सगळी माहिती घेऊन झाली होती. कायद्याने ती संमती पूर्ण वैध होती.

आंबोने वस्तरा उचलला आणि उजवा गाल करायला घेतला.